स्थितांबरातील वायूंचे अक्षांशनिहाय मापन : एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश

वातावरणातील स्थितांबर या थरात ओझोन, पाण्याची वाफ, नायट्रस ऑक्साइड, मिथेन आणि क्लोरोफ्लुरोकार्बन हे वायू अत्यल्प प्रमाणात असतात. त्यांचे प्रमाण विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंत एकसारखे नसते. हा फरक प्रथम १९२०च्या दशकात मोजला गेला. तो का पडतो याचे उत्तर मिळण्यास अर्धशतक लागले आणि त्या उत्तरावरच पुढे ओझोन-क्षयाचे निदान व जागतिक करार उभे राहिले. प्रस्तुत निबंधात या मापनाच्या इतिहासाचे टप्पे तपासले असून भारतातील वेधशाळा व संशोधकांचे त्यातील स्थान स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजसंज्ञा : स्थितांबर, ओझोन, अक्षांश, डॉब्सन, ब्रुअर-डॉब्सन अभिसरण, रामनाथन, मॉन्ट्रियल करार.

प्रस्तावना

विज्ञानाचा इतिहास बहुधा शोधकर्त्यांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. उपकरण कोणी बनवले, सिद्धान्त कोणी मांडला, पुरस्कार कोणाला मिळाला, या प्रश्नांभोवती तो फिरतो. वातावरणविज्ञानाच्या बाबतीत मात्र आणखी एक प्रश्न तितकाच महत्त्वाचा ठरतो : मोजमाप कोठे झाले? पृथ्वीच्या एकाच ठिकाणी कितीही अचूक नोंद केली, तरी हवेच्या जागतिक हालचालीचा अर्थ त्यातून लागत नाही. त्यासाठी एकच राशी, एकाच पद्धतीने, निरनिराळ्या अक्षांशांवर मोजावी लागते. म्हणजेच येथे उपकरणाइतकेच महत्त्व सहकार्याला आहे आणि सहकार्य ही ऐतिहासिक घटना आहे. त्यामुळे हा विषय भौतिकशास्त्राइतकाच इतिहासाच्या अभ्यासकाचाही आहे.

उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे तीन आहेत. (१) अक्षांशनिहाय मापनाच्या विकासाचे टप्पे निश्चित करणे. (२) निरीक्षण आणि सिद्धान्त यांच्यातील विसंगतीने या विकासाला कशी दिशा दिली ते पाहणे. (३) उष्ण कटिबंधातील, विशेषतः भारतातील, निरीक्षणांचे योगदान तपासणे. यासाठी ऐतिहासिक-विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित संशोधनाचा आधार घेतला आहे.

पूर्वपीठिका

ओझोन या वायूला १८४०च्या सुमारास शोनबाइन याने नाव दिले. सूर्याच्या वर्णपटातील अतिनील भाग जमिनीवर येण्यापूर्वीच तुटलेला दिसतो, त्याचे कारण वरच्या हवेतील ओझोन असावे, हे हार्टली याने १८८१ मध्ये सुचवले. फ्रान्समधील शार्ल फाब्री व आंरी ब्युइसाँ यांनी १९१३ मध्ये त्याचे निश्चित प्रमाण दिले आणि १९२० मध्ये ओझोनचे एकूण प्रमाण मोजले. वातावरणातील सर्व ओझोन समुद्रसपाटीच्या दाबाला व शून्य अंश तापमानाला आणून पसरला, तर त्याचा थर जेमतेम ३ मिलिमीटर जाडीचा होईल, असे त्यावरून दिसले. याच कल्पनेवर पुढे 'डॉब्सन एकक' आधारले गेले. एक एकक म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. म्हणून ३ मिलिमीटर म्हणजे ३०० एकके.

तथापि हे सर्व मापन मोजक्या जागी व मोजक्या दिवशी झालेले होते. स्थळ-काळानुसार ओझोन बदलतो का, हा प्रश्न अद्याप पद्धतशीरपणे विचारला गेला नव्हता.

डॉब्सनचे जाळे : १९२४ ते १९२९

हा प्रश्न ऑक्सफर्डचे गॉर्डन डॉब्सन (१८८९-१९७६) यांनी हाती घेतला. त्यांनी १९२४ मध्ये स्वतःच्या घरच्या कार्यशाळेत वर्णपटलेखक तयार केला. ओझोन ज्या तरंगलांबीचा प्रकाश अधिक शोषतो आणि ज्या तरंगलांबीचा कमी शोषतो, अशा दोन प्रकाशांच्या तीव्रतेची तुलना करावयाची व त्या गुणोत्तरावरून ओझोनचे प्रमाण काढावयाचे, असे त्याचे तत्त्व होते. पहिल्याच वर्षाच्या निरीक्षणांतून दोन गोष्टी समोर आल्या. ओझोन वसंतात वाढतो व शरदात घटतो, तसेच तो दैनंदिन हवामानाबरोबरही बदलतो.

हे बदल केवळ ऑक्सफर्डचे की सार्वत्रिक, हे ठरविण्यासाठी डॉब्सन यांनी त्याच नमुन्याची आणखी उपकरणे तयार करवून घेतली व १९२६ मध्ये ती युरोपात ठेवली : आयर्लंडमधील व्हॅलेन्शिया, शेटलंड बेटांवरील लर्विक, स्वीडनमधील अबिस्को, जर्मनीतील लिंडेनबर्ग आणि स्वित्झर्लंडमधील अरोसा. या ठिकाणी काढलेल्या छायाचित्र-काचा टपालाने ऑक्सफर्डला येत आणि तेथेच त्या धुऊन मोजल्या जात. त्यामुळे सर्व ठिकाणच्या आकड्यांना एकच मापदंड लागू होई. आजच्या भाषेत ज्याला प्रमाणीकरण म्हणतात, त्याचा हा आरंभ होय.

युरोपातील काम पूर्ण होताच उपकरणे जगभर हलविण्यात आली. १९२८-२९ या काळात चिलीतील मोन्तेझुमा, कॅलिफोर्नियातील टेबल माउंटन, इजिप्तमधील हेलवान, न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च आणि भारतातील कोडाईकॅनॉल येथे नोंदी झाल्या. कोडाईकॅनॉलची सूर्यवेधशाळा सुमारे १० अंश उत्तर अक्षांशावर, पळणी डोंगरांत, २३०० मीटरहून अधिक उंचीवर आहे आणि ती त्या वेळी भारतीय हवामान खात्याच्या अखत्यारीत होती. या यादीत विषुववृत्ताच्या सर्वांत जवळचे ठिकाण हेच होते. साम्राज्याच्या प्रशासकीय सोयीसाठी उभ्या राहिलेल्या संस्थांचा उपयोग एका जागतिक प्रश्नासाठी झाला, ही बाब इतिहासाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. मात्र काचा वाचण्याचे व अर्थ लावण्याचे काम ऑक्सफर्डलाच होत असे. निरीक्षण परिघावर आणि निष्कर्ष केंद्रात, अशी ही रचना होती.

विसंगती

१९२९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनी एक कोडे निर्माण केले. उष्ण कटिबंधात ओझोन वर्षभर कमी असतो व त्यात फारसा ऋतुबदल होत नाही. उच्च अक्षांशांकडे तो वाढत जातो व वसंतात कळस गाठतो. ढोबळ मानाने उष्ण कटिबंधात २५० ते २८० एकके, तर उत्तरेकडील उच्च अक्षांशांवर वसंतात ४०० एककांहूनही अधिक ओझोन आढळतो.

याच सुमारास लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील सिडनी चॅपमन यांनी ओझोननिर्मितीचा सिद्धान्त मांडला (१९३०). अतिनील किरणांनी ऑक्सिजनचा रेणू फुटतो व सुटा अणू दुसऱ्या रेणूला मिळून ओझोन होतो, असे त्याचे सार आहे. या न्यायाने जेथे ऊन प्रखर तेथे ओझोन अधिक हवा. प्रत्यक्षात चित्र नेमके उलटे होते. जेथे कारखाना, तेथे माल कमी; आणि जेथे हिवाळाभर सूर्यच उगवत नाही, तेथे हिवाळा सरताच कोठार भरलेले!

उच्च थरांतील हवा विषुववृत्ताकडून ध्रुवाकडे सावकाश सरकते व तेथे खाली उतरते असे मानले, तर हे कोडे सुटते, हे डॉब्सन व त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आले होते. परंतु स्थितांबर म्हणजे स्थिर, थरांनी रचलेली हवा अशीच त्या काळची समजूत होती. त्या नावातच ती समजूत गोठलेली आहे. त्यामुळे खुद्द डॉब्सन यांनीच ही शक्यता पुढे रेटली नाही. योग्य उत्तर हाती असूनही त्याला आधार देणारा दुसरा पुरावा नव्हता.

दुसरा पुरावा : थंडी आणि कोरडेपणा

तो पुरावा दोन निरनिराळ्या दिशांनी आला. पहिली दिशा तापमानाची होती. १९२५ मध्ये भारतीय हवामान खात्यात दाखल झालेले के. आर. रामनाथन (१८९३-१९८४) यांनी भारतातील व इतरत्रच्या फुग्यांच्या उड्डाणांच्या नोंदी एकत्र करून उत्तर गोलार्धातील उच्च हवेच्या तापमानाचे चित्र १९२९ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात मांडले. विषुववृत्ताकडून ध्रुवाकडे जाताना तपांबराची वरची सीमा खाली येते आणि तेथील हवा अधिक उबदार होत जाते. उलट त्या उंचीवरील सर्वांत थंड हवा उष्ण कटिबंधावर, सुमारे १७ किलोमीटरवर असते. तेथे तापमान उणे ८० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. जमिनीवर सर्वांत उष्ण असणारा प्रदेश वरच्या हवेत सर्वांत थंड असतो, ही गोष्ट पुढील सर्व विवेचनाचा पाया ठरली. हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास आले होते. पुण्याच्या शिवाजीनगर भागातील 'सिमला ऑफिस' हे नाव त्याचीच खूण आहे.

दुसरी दिशा युद्धातून आली. दुसऱ्या महायुद्धात उंचावरून जाणाऱ्या विमानांमागे पांढऱ्या वाफेचे पट्टे उमटत व त्यांवरून शत्रूला विमानाचा माग लागे. हे पट्टे कधी उमटतात हे समजण्यासाठी वरच्या हवेतील आर्द्रता मोजणे आवश्यक झाले. ॲलन ब्रुअर यांनी डॉब्सन यांच्या सहकार्याने यासाठी एक उपकरण सिद्ध केले. धातूचा पृष्ठभाग थंड करत न्यावयाचा आणि त्यावर कोणत्या तापमानाला बर्फकण धरतात ते पाहावयाचे, अशी त्याची पद्धत होती. इंग्लंडवरील उड्डाणांत अनपेक्षित गोष्ट आढळली. तपांबराची सीमा ओलांडताच हवा कमालीची कोरडी होत होती, इतकी की बर्फ धरण्यासाठी पृष्ठभाग उणे ८० अंशांच्या आसपास न्यावा लागे.

ब्रुअर यांचा तर्क साधा पण भेदक होता. हवेतील बाष्प थंडीने गोठून गळून पडते, त्यामुळे एखादी हवा किती कोरडी आहे यावरून ती कधीतरी किती थंड जागेतून गेली हे कळते. इंग्लंडवरील तपांबराची सीमा एवढी थंड नसते. तेवढी थंडी फक्त उष्ण कटिबंधावर आहे. तेव्हा इंग्लंडवरील स्थितांबराची हवा उष्ण कटिबंधातून वर चढून तेथे आलेली असली पाहिजे. हेलियमच्या मोजमापांचाही आधार घेऊन त्यांनी हा निष्कर्ष १९४९ मध्ये प्रसिद्ध केला. १९५६ मध्ये डॉब्सन यांनी ओझोन आणि बाष्प या दोहोंचे वाटप एकाच अभिसरणाने स्पष्ट केले. पुढे त्यालाच 'ब्रुअर-डॉब्सन अभिसरण' असे नाव पडले.

अर्थात वाद तेथे संपला नाही. १९५८ मध्ये प्रशांत महासागरातील अमेरिकी अणुचाचण्यांतून टंगस्टन-१८५ हे किरणोत्सारी द्रव्य स्थितांबरात गेले आणि विमानांनी निरनिराळ्या अक्षांशांवर त्याचे नमुने घेतले. द्रव्य ध्रुवांकडे पसरले खरे, परंतु त्याची कमाल घनता विषुववृत्तावरच राहिली. मग हवा वाहते की केवळ घुसळून मिसळते? दोन्ही क्रिया एकत्र कशा चालतात, याचा गणिती उलगडा १९७०च्या दशकात अँड्रूज, मॅकइंटायर व डंकर्टन यांच्या कामातून झाला. अस्त्रांच्या चाचण्यांनी नकळत शास्त्रज्ञांना एक खूणद्रव्य पुरवले, ही विसाव्या शतकातील विज्ञानाच्या इतिहासातील एक अस्वस्थ करणारी नोंद आहे.

भारतातील निरीक्षणपरंपरा

उष्ण कटिबंधाविना हा अभ्यास अपुरा होता आणि या बाबतीत भारताचे काम सातत्याचे आहे. रामनाथन व आर. व्ही. करंदीकर यांनी कमी अक्षांशांवरील ओझोनच्या उभ्या वाटपावरील अभ्यास १९४९ मध्ये प्रसिद्ध केला. क्षितिजाजवळच्या सूर्याच्या वेळी माथ्यावरील प्रकाशाच्या बदलावरून ओझोनची उंची काढण्याची पद्धत स्विस शास्त्रज्ञ ग्योट्झ यांनी शोधली होती. तिचा उपयोग भारतीय आकाशासाठी झाला. उष्ण कटिबंधात ओझोनचा मुख्य साठा मध्य अक्षांशांपेक्षा अधिक उंचावर असतो, हे अशा निरीक्षणांतून स्पष्ट होत गेले.

१९४७ मध्ये विक्रम साराभाई यांनी स्थापन केलेल्या अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीचे रामनाथन हे पहिले संचालक झाले. त्यांच्या नेतृत्वाखाली अबू पर्वतावरही ओझोनची निरीक्षणे झाली. १९६३ मध्ये त्यांनी उष्ण कटिबंधातील ओझोनचा सुमारे दोन वर्षांचा फेरा मांडला. विषुववृत्तावरील स्थितांबरात वारे पूर्व-पश्चिम दिशा बदलतात, त्या फेऱ्याशी त्याचे नाते आहे. हवामान खात्यात ॲना मणी (१९१८-२००१) यांच्या पुढाकाराने १९६०च्या दशकात भारतीय बनावटीचा ओझोनसाँड, म्हणजे फुग्याबरोबर वर जाऊन ओझोन मोजणारे उपकरण, तयार झाला. कोडाईकॅनॉलच्या काचा ऑक्सफर्डला पाठवाव्या लागण्यापासून स्वतःचे उपकरण घडविण्यापर्यंतचा हा प्रवास सुमारे चार दशकांचा आहे. निष्कर्षाचे केंद्र अंशतः का होईना, इकडे सरकले असे त्यावरून म्हणता येईल.

ओझोनखेरीज इतर वायूंच्या बाबतीत हैदराबाद येथील फुगे-केंद्राचा उल्लेख आवश्यक आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे हे केंद्र १९६९ पासूनचे आहे. तेथून, सुमारे १७.५ अंश उत्तर अक्षांशावरून, अहमदाबादच्या संशोधकांनी जर्मनीतील लिंडाऊ येथील माक्स प्लांक संस्थेच्या सहकार्याने १९८७ व १९९० मध्ये फुगे सोडले. द्रवरूप निऑनने थंड केलेल्या भांड्यांत स्थितांबरातील हवा गोठवून खाली आणली गेली व तिचे पृथक्करण झाले. नायट्रस ऑक्साइड, मिथेन व क्लोरोफ्लुरोकार्बन हे वायू जमिनीकडून वर जातात व वरच्या प्रखर किरणांत नष्ट होतात. त्यामुळे एकाच उंचीवर त्यांचे प्रमाण उष्ण कटिबंधात अधिक आणि उच्च अक्षांशांवर कमी आढळते. ओझोनच्या नेमके उलट हे चित्र आहे, पण कारण एकच : हवा येथे वर चढते आणि तेथे खाली उतरते. निंबस-७ (१९७८) व यूएआरएस (१९९१) या उपग्रहांनी हेच चित्र संपूर्ण पृथ्वीसाठी दिले.

अपेक्षाभंग : दक्षिण ध्रुव

अंटार्क्टिकावरील हॅली तळावर १९५६ मध्ये डॉब्सन उपकरण सुरू झाले. त्या वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरमधील आकडे अपेक्षेपेक्षा सुमारे १५० एककांनी कमी होते व नोव्हेंबरमध्ये ते एकाएकी वर गेले. प्रथम उपकरणावर शंका घेतली गेली. पुढील वर्षी तोच क्रम दिसला, तेव्हा दक्षिण ध्रुवावरील वाऱ्यांचा भोवरा वसंत सरेपर्यंत बाहेरची हवा आत येऊ देत नाही, हे लक्षात आले. दोन ध्रुव सारखे नाहीत, हा धडा यातून मिळाला.

१९५६चा तो खड्डा व पुढील काळातील ओझोन-विवर यांची अनेकदा गल्लत केली जाते. ती टाळणे अगत्याचे आहे. १९६०च्या दशकापर्यंत हॅलीची ऑक्टोबर सरासरी ३०० एककांच्या आसपास स्थिर होती. ती १९८४ पर्यंत २०० खाली घसरली. जपानच्या स्योवा तळावरील नीचांकी नोंदी शिगेरू चुबाची यांनी १९८४ मध्ये एका परिषदेत मांडल्या होत्या. मे १९८५ मध्ये फार्मन, गार्डिनर व शँकलिन यांचा हॅलीवरील निबंध प्रसिद्ध झाला आणि जग खडबडून जागे झाले. उपग्रहाकडेही हे आकडे होते, परंतु ठरावीक मर्यादेखालील आकड्यांवर 'संशयास्पद' अशी खूण होत असल्याने त्यांचा अर्थ उशिरा लागला.

कारणाचा शोध पुन्हा अक्षांशावरच येऊन थांबला. जेम्स लव्हलॉक यांनी १९७१-७२ मध्ये 'शॅकलटन' जहाजावरून ब्रिटन ते अंटार्क्टिका असा प्रवास करत क्लोरोफ्लुरोकार्बन-११ मोजला होता. हवेच्या एक लाख कोटी भागांत जेमतेम ५०-६० भागांच्या घरातील हा वायू दक्षिणेतही सर्वत्र आढळला. लव्हलॉक यांना तो निरुपद्रवी वाटला. १९७४ मध्ये मोलिना व रोलंड यांनी तोच वायू स्थितांबरात फुटून ओझोनचा नाश करील असे दाखविले. ऑगस्ट-सप्टेंबर १९८७ मध्ये ईआर-२ विमान चिलीतील पुंता अरेनास येथून, ५३ अंश दक्षिणेपासून ७२ अंशांपर्यंत, स्थितांबरात उडाले. भोवऱ्याची सीमा ओलांडताच क्लोरीन मोनॉक्साइड झपाट्याने वाढला आणि सप्टेंबरच्या मध्यापर्यंत नेमका तेथेच ओझोन कोसळलेला दिसला. एकाच आलेखावरील दोन विरुद्ध रेषांनी वाद जवळजवळ मिटविला. त्याच सप्टेंबरच्या १६ तारखेला मॉन्ट्रियल करारावर सह्या झाल्या. हे निष्कर्ष कराराच्या वाटाघाटींत वापरले गेले नव्हते, परंतु पुढील वर्षांत करार कठोर होण्यास त्यांचा आधार मिळाला. भारत या करारात १९९२ मध्ये सामील झाला.

कराराची राखण

करार झाला म्हणजे इतिहास संपला असे नाही. क्लोरोफ्लुरोकार्बन-११चे उत्पादन २०१० पर्यंत जगभर थांबणे अपेक्षित होते. तथापि २०१८ मध्ये माँट्झका व सहकाऱ्यांनी दाखविले की, २०१२ नंतर हवेतील त्याची घट मंदावली आहे. उत्तर व दक्षिण गोलार्धांतील प्रमाणाचा फरक वाढला होता. म्हणजेच उत्तरेत कोठेतरी नवे उत्सर्जन होत होते. २०१९ मध्ये कोरिया व जपानमधील केंद्रांच्या नोंदींवरून, वाढीचा सुमारे ४० ते ६० टक्के भाग पूर्व चीनमधून येत असल्याचे निष्पन्न झाले. हे उघडकीस आल्यावर उत्सर्जन घटले, हे २०२१ मधील अभ्यासांनी नोंदविले. कोणत्याही कागदोपत्री अहवालाने न सांगितलेली गोष्ट अक्षांशांमधील फरकाने सांगितली. आशियाच्या ज्या भागांत अशी केंद्रे विरळ आहेत, तेथील उर्वरित वाटा मात्र तितक्या निश्चितपणे दाखविता आला नाही.

निष्कर्ष

१. स्थितांबरातील वायूंचे ज्ञान एखाद्या एकट्या शोधातून नव्हे, तर एकाच मापदंडाने जोडलेल्या विखुरलेल्या वेधशाळांतून निर्माण झाले.

२. निरीक्षण आणि सिद्धान्त यांतील विसंगती ही या इतिहासाची प्रेरकशक्ती होय. १९२९चे कोडे, १९५६चा अपेक्षाभंग व १९८५चा धक्का ही तिची उदाहरणे आहेत. प्रत्येक वेळी विचित्र वाटणारा आकडा टाकून न देता जपल्यामुळेच पुढचा टप्पा गाठता आला.

३. उष्ण कटिबंधातील मापन हे या चित्राचे केंद्र आहे, कारण हवा तेथूनच वर चढते. कोडाईकॅनॉल, पुणे, अहमदाबाद व हैदराबाद येथील कामाची नोंद या दृष्टीने व्हावयास हवी.

४. जागतिक हवामान संघटना व संयुक्त राष्ट्र पर्यावरण कार्यक्रम यांच्या २०२२च्या मूल्यमापनानुसार, सध्याची धोरणे टिकल्यास ओझोन थर १९८०च्या पातळीला अंटार्क्टिकावर सुमारे २०६६ पर्यंत, आर्क्टिकवर सुमारे २०४५ पर्यंत व अन्यत्र सुमारे २०४० पर्यंत येईल. हा अंदाज खरा ठरतो की नाही हे पाहण्यासाठी तितकीच वर्षे मोजत राहावे लागेल. हॅलीचे उपकरण तीन दशके विशेष काही न सापडताही चालू ठेवले गेले म्हणूनच विवर दिसले. निष्फळ वाटणाऱ्या दीर्घकालीन नोंदींवर खर्च का करावा, या प्रश्नाला या इतिहासाने दिलेले हे उत्तर आहे.